धूर थांबेना, गिअर ऑइल उरेना: आरएक्सचं क्रँक सील पुन्हा पुन्हा का जातं

यामाहाची आरएक्स १०० ही टू-स्ट्रोक मोटरसायकल घेऊन चिखलात उतरणाऱ्या जवळजवळ प्रत्येकाला हा त्रास एकदा तरी होतो. गाडी पांढरा धूर ओकायला लागते. मेकॅनिक रिंग-पिस्टन बदलतो, चार दिवस बरे जातात, धूर परत. मग बोअर, मग कार्बोरेटर. खिसा रिकामा होतो आणि धूर जागच्या जागी. माझ्या स्वतःच्या दोन गाड्या आणि मित्रांच्या काही, अशी बरीच इंजिनं मी घरच्या पडवीत खोलली आहेत. त्यांतल्या बहुतेकांत शेवटी एकच गोष्ट निघाली: क्रँकच्या (पिस्टनच्या वरखाली हालचालीने फिरणाऱ्या दांड्याच्या) बाजूचं ऑइल सील, म्हणजे तेल आणि हवा अडवणारी रबरी रिंग. आणि दुसऱ्यांदा आलेल्या प्रत्येक गाडीत सीलच्या मागे आणखी काहीतरी होतं, ते पहिल्या वेळी कुणी बघितलंच नव्हतं.

मी लिहितोय ते ९८ सीसीच्या, १९८५ ते १९९६ या काळात निघालेल्या आरएक्सबद्दल. खुरी टायर लावलेली, मागचं स्प्रॉकेट मोठं केलेली, मडगार्ड उचललेली, म्हणजे आपल्याकडे उसाच्या पाणंदीतून आणि डर्ट ट्रॅकवर पळते ती. आरएक्स १३५ किंवा दुसऱ्या कुठल्याही टू-स्ट्रोकला तर्क हाच लागू पडतो. मापं मात्र ज्याच्या त्याच्या मॅन्युअलमधून घ्या.

लक्षणं, आणि ती कोणत्या बाजूची

क्रँकला दोन सील असतात. एक डावीकडे मॅग्नेटच्या (गाडीची वीज तयार करणाऱ्या फिरत्या चाकाच्या) मागे, दुसरं उजवीकडे क्लचच्या बाजूला. दोघांचा आजार वेगळा दिसतो, म्हणून आधी हे नीट ओळखा.

उजवं सील गेलं की क्रँकची खोली गिअर ऑइल ओढते. इंजिन गरम झाल्यावरही पांढरा दाट धूर चालूच राहतो, आणि त्याला टू-टी ऑइलचा (पेट्रोलबरोबर जळणाऱ्या टू-स्ट्रोकच्या तेलाचा) ओळखीचा वास नसून करपलेल्या तेलाचा उग्र वास येतो. प्लग ओला, काळा. गाडीखाली एक थेंब नाही, तरी गिअर ऑइल कमी होत जातं. बराच वेळ उभ्या गाडीला किक मारली की पहिली दोन मिनिटं गल्ली दिसत नाही. आमच्या शेजारच्या काकू अशा वेळी खिडकी लावायच्या आधी मला हाक मारतात, ती हाक इथे लिहिण्यासारखी नसते.

डावं सील गेलं की गाडी हवा घेते. धूर नसतो, उलट धूर कमीच होतो, म्हणून माणूस खूश असतो. पण एक्सलेटर सोडला तरी रेसिंग, म्हणजे इंजिनचे फेरे, लगेच खाली येत नाही, वरच लटकून राहते. कार्बोरेटरचा स्क्रू कितीही फिरवा, आज सेट केलेलं उद्या बिघडतं. गरम इंजिन किकवर येईना होतं. प्लगचं तोंड पांढरं पडतं. चढावर खडखडाट. हा आजार जास्त धोक्याचा. टू-स्ट्रोकमध्ये पेट्रोलबरोबरच तेल येतं आणि पेट्रोलनेच पिस्टन थोडा थंड राहतो, त्यामुळे हवा वाढली की पिस्टन पकडतो किंवा त्याला भोक पडतं. रेसिंग आपोआप चढत जाऊन चावी बंद करूनही इंजिन थांबेना, तर वरच्या गिअरमध्ये घाला, मागचा ब्रेक दाबून धरा आणि क्लच सोडा. बंद पडेल. त्यानंतर ती गाडी चालवत घरी आणू नका, टेम्पोत घाला.

असं का होतं? टू-स्ट्रोकची क्रँककेस हा एक पंपच आहे. पिस्टन वर गेला की केसमध्ये ओढ तयार होते आणि कार्बोरेटरकडून मिश्रण आत येतं. खाली आला की दाब तयार होतो आणि तेच मिश्रण वर सिलेंडरमध्ये जातं. ७५०० आरपीएमला हे सेकंदाला १२५ वेळा. सीलला बारीकशी फट असली तरी प्रत्येक ओढीला त्यातून काहीतरी आत येणारच. डावीकडे पलीकडे हवा आहे, म्हणून हवा येते. उजवीकडे गिअर ऑइल आहे, म्हणून ऑइल येतं. फोर-स्ट्रोक गाडीत क्रँकचं सील गेलं तर तेल नुसतं बाहेर गळतं. इथे ते आत जातं, म्हणून बाहेरून काही कळत नाही.

फुकटात होणाऱ्या तपासण्या

इंजिनला पाना लावण्याआधी गिअरबॉक्सचा ब्रीदर बघा. चिखलातल्या गाडीत मी सगळ्यात आधी हेच बघतो. गिअरबॉक्समधली हवा तापून फुगते तेव्हा ती बाहेर सोडणारी ही बारीक वाट. ती चिखलाने बुजली की आतला दाब ऑइलला सीलवर ढकलतो, आणि चांगलं सीलसुद्धा हार मानतं. एका मित्राच्या गाडीला पावसाळ्यानंतर धूर सुरू झाला होता. ब्रीदरमध्ये तार घातली तर लाल मातीचा खडा बाहेर आला, आत वाळलेली अळी. कुंभारमाशीने घर केलं होतं! तार फिरवली, हवा मारली, धूर गेला. त्या दिवशी खर्च झाला तो चहाचा, आणि तोही मित्रानेच दिला.

मग गिअर ऑइल मोजा. बघून अंदाज नको, मोजा. गरम गाडी सरळ उभी करून ऑइल मापाच्या बाटलीत काढा, मॅन्युअलमधल्या मापाशी ताडून पाहा. ऑइल मापापेक्षा जास्त निघालं तर दोन शक्यता: कुणीतरी अंदाजाने ओतलंय, किंवा पेट्रोल सीलमधून उलट्या बाजूला गेलंय. हुंगून बघा, लगेच कळतं. कमी निघालं आणि बाहेर गळती नाही, तर संशय पक्का होत चालला. आता नवीन ऑइल बरोबर मापाने भरा, बाटलीवर पेनने रेघ मारून ठेवा, आणि २०० किलोमीटरनंतर परत काढून मोजा. हे कंटाळवाणं आहे, पण मेकॅनिकशी वाद घालायला यापेक्षा भक्कम पुरावा नाही.

धूर फक्त सकाळी पहिल्या पाच मिनिटांत येऊन नंतर पूर्ण थांबत असेल, तर सीलला दोष देऊ नका. बऱ्याचदा ऑइल पंपाचा आतला वाल्व धरत नाही आणि रात्रभर टू-टी ऑइल झिरपून केसमध्ये साचतं. पंपाच्या पुलीवरची खूणही एकदा बघा. मॅन्युअलमध्ये सांगितलेल्या एक्सलेटरला ती जुळायला हवी. केबल ताणून बसवली असेल तर पंप सगळीकडे जास्त तेल सोडतो. पंप काढून टाकून पेट्रोलमध्येच ऑइल मिसळणाऱ्यांनी आपलं माप आठवावं. लिटरला ४० मिली म्हणजे पंचवीसास एक, आणि एवढ्याला थोडा धूर येणारच.

एक जागा सगळे विसरतात: सायलेन्सर. महिनाभर गिअर ऑइल जळालं असेल तर त्यातलं निम्मं सायलेन्सरच्या पोटात चिकटून बसलेलं असतं. नवीन सील घातल्यावरही ते बरेच किलोमीटर धुमसत राहतं, आणि माणूस म्हणतो काम फसलं. आतली जाळीची नळी काढून साफ करा, नुसतं एवढं केलं तरी धूर किती उरला ते खरं दिसेल.

थोड्या खर्चाच्या तपासण्या

हवा घेणाऱ्या गाडीत मॅग्नेटकडे वळण्याआधी कार्बोरेटर आणि सिलेंडर यांच्यामधलं रबर बघा. अंगठ्याने वाकवून बघा, कारण चिरा वाकवल्यावरच दिसतात. जुनं रबर बाहेरून चकचकीत आणि आतून फाटलेलं असतं. मग कार्बोरेटरमधली पायलट जेट (कमी रेसिंगला पेट्रोल देणारं बारीक छिद्र) बघा, आणि मग रीड वाल्व, म्हणजे मिश्रण फक्त आत सोडणारी पातळ पानांची झडप. रीडची पानं उजेडासमोर धरा, कोपरा तुटलेला किंवा पान टेकत नसेल तर दिसतंच. सिलेंडरखालच्या पॅकिंगभोवती तेलकट काळा पट्टा असेल तर तिथूनही हवा जात असते.

चालू इंजिनवर पेट्रोल उडवून हवा कुठून जाते ते शोधणारे लोक मी पाहिलेत. गरम सायलेन्सर आणि ठिणगी देणारा प्लग दोन्ही हातभर अंतरावर असतात. ते करू नका. पुढे सांगतोय त्या चाचणीत साबणाच्या पाण्याने तेच काम जास्त खात्रीने होतं.

आता डावं कव्हर उघडा. मॅग्नेटच्या खोलीत धूळ कोरडी असेल तर बहुतेक डावं सील ठीक. मॅग्नेटच्या आत, कॉइलच्या प्लेटवर तेलकट काळपट चिकटा असेल आणि हाताला पेट्रोलचा वास लागत असेल, तर सील गेलंय. पाणी दिसलं तर ते वॉशिंग सेंटरच्या जोराच्या फवाऱ्याने आत गेलेलं. त्याचा मुद्दा पुढे येतो.

दाबाची चाचणी: घरी, बीपीच्या मशीनवर

ही चाचणी न करता इंजिन खोलायला घेतलं तर तुम्ही अंदाजावर अख्खा रविवार आणि पॅकिंगचा सेट लावताय. साहित्य हास्यास्पद आहे. बीपी मोजायच्या मशीनचा रबरी फुगा आणि काटा, जुना प्लग आणि सायकलच्या ट्यूबचे तुकडे. प्लगची चिनीमाती फोडून काढायची आणि मोकळ्या झालेल्या भोकात नळी बसवून ब्रेझिंग करून घ्यायची.

पिस्टन सगळ्यात खाली आणा, म्हणजे पोर्ट उघडे राहतात आणि सिलेंडर आणि क्रँककेस एकच खोली होते. एक्झॉस्टचं तोंड ट्यूबचा तुकडा आणि पत्रा लावून आवळा. कार्बोरेटर काढून त्याच्या रबरात लाकडी गुल्ली घालून क्लॅम्प मारा. ऑइल पंपाकडून येणारी बारीक नळी चिमटा लावून बंद करा. ही राहिली की सगळेजण सीलला शिव्या देतात. मग प्लगच्या भोकातून फुगा दाबत काटा २८० पर्यंत न्या. काटा ३०० ला संपतो, आणि ३०० म्हणजे साधारण पावणेसहा पीएसआय. यापेक्षा जास्त दाबाची गरजही नाही, जास्त दिलात तर चांगलं सीलही जागेवरून उचललं जाईल.

घड्याळ लावून पाच मिनिटं बसा. मिनिटाला ५० च्या आत उतरला तर चालतं, ते साधारण एक पीएसआय होतं. भराभर उतरला तर गळती शोधा. आधी तुमच्या स्वतःच्या जोडण्यांवर साबणाचं पाणी सोडा, कारण निम्म्या वेळा तिथेच फुटतं. मग हेडचं पॅकिंग, सिलेंडरखालचं पॅकिंग, मॅग्नेट काढून डावं सील. उजवं सील बाहेरून दिसत नाही, त्यासाठी गिअरबॉक्सच्या ब्रीदरला नळी लावून तिचं टोक पाण्याच्या ग्लासात बुडवा. क्रँककेसची हवा गिअरबॉक्समध्ये जात असेल तर ग्लासात बुडबुडे येतात. रात्रीच्या शांत पडवीत तो बुळ्‌बुळ्‌ आवाज ऐकू आला की मला बरं वाटतं. निदान आता माहीत आहे.

दोन गोष्टी ध्यानात ठेवा. ग्लासातले बुडबुडे उजव्या सीलचेच असतील असं नाही. इंजिनच्या केसच्या डाव्या-उजव्या भागांमधला जोड क्रँकची खोली आणि गिअरबॉक्स वेगळी ठेवतो, तो गळत असेल तरी बुडबुडे येतात. नवीन सील घालूनही धूर न थांबलेल्या दोन गाड्यांत मला हाच जोड सापडला. दुसरं म्हणजे सीलची ओठ (क्रँकला टेकणारी रबराची आतली कड) दाबाखाली क्रँकला आवळून बसते आणि ओढ आली की सुटते, असंही होतं. दाबात पास झालेल्या गाडीवर संशय कायम असेल तर ब्रेक ब्लीड करायच्या हातपंपाने उलटी ओढ देऊन बघा.

सील बाहेरूनच बदलता आलं तर

मॅग्नेट पुलरनेच काढायचा. पुलरचे आटे पूर्ण बसल्याशिवाय मधला बोल्ट फिरवू नका. पुलर कमी फेऱ्यांवर ठेवून ताकद लावली तर मॅग्नेटचे आटे येतात आणि दहा मिनिटांचं काम लेथवर जातं. कडेने स्क्रू ड्रायव्हर घालून हातोडीने उचलू नका. क्रँक वाकते, मॅग्नेटही जातो.

सील काढण्याआधी ते केसमध्ये बाहेरून दाबलेलं आहे, की आतल्या खाचेत कॉलर धरून बसलंय, ते टॉर्च लावून बघा. खाचेतलं असेल तर बाहेरून ओढून निघणार नाही, ओढलंत तर केसचा काठ तुटेल. तिथे इंजिन खोलणं आलंच. बाहेरून निघणारं असेल तर केसच्या भिंतीला आणि क्रँकला ओरखडा न पाडता काढा. बाजारात आरएक्सच्या नावाने येणारी सगळी सीलं सारखी नसतात. एका दुकानातून घेतलेलं, छान डबीतलं सील माझ्याकडे पहिल्याच आठवड्यात टणक झालं होतं. तेव्हापासून मी जुन्या सीलवरचा आकडा वाचून, नामांकित सील बनवणाऱ्या कंपनीचंच मागतो आणि नखाने ओठ दाबून बघतो. ती लगेच परत फिरली पाहिजे.

आणि सील बसवायच्या आधी क्रँकवर, जिथे सीलची ओठ फिरते तिथे, नख आडवं फिरवा. नख अडकलं तर तिथे खाच पडलीय. नवीन सील त्या खाचेत धरणार नाही. उपाय असा: सील एखादा मिलिमीटर अलीकडे किंवा पलीकडे बसवा, म्हणजे ओठ ताज्या धातूवर येते, पण बेरिंगला तेल जाणारं भोक त्यामागे झाकलं जात नाही ना ते आधी बघा. ओठेला थोडं ग्रीस लावा. कोरड्या ओठेने पहिल्या किकलाच जळायला सुरुवात होते.

त्याच बैठकीत क्रँकचं टोक दोन बोटांत धरून वरखाली हलवा. इथेच बहुतेक लोक घाई करतात, मीही केली होती. एका मोसमात मी माझ्याच गाडीची दोन डावी सीलं बदलली. तिसरं घ्यायला निघालो तेव्हा कोल्हापूरच्या उद्यमनगरातल्या एका लेथवाल्या मिस्त्रींकडे दुसऱ्याच कामासाठी थांबलो होतो. गाडी बाहेर उभी होती, कव्हर काढलेलंच. त्यांनी वाकून मॅग्नेटला हात घातला, वरखाली केलं आणि म्हणाले, "सील किती घालशील रे? बेरिंग वाजतंय की तुझं." मलाही मग ते जाणवलं, टिक्‌, टिक्‌, अगदी बारीक. त्यानंतर मी नियमच केला: सील दुसऱ्यांदा गेलं तर तिसरं घालायचं नाही, आधी क्रँक बघायची. बेरिंगमध्ये खेळ आला की क्रँक सीलच्या मध्यावर फिरत नाही, ती एका बाजूला ओठ ताणते आणि दुसऱ्या बाजूला फट सोडते. असं सील कितीही भारी असो, टिकत नाही.

बेरिंग का जातं, याची उत्तरं आपल्याच सवयीत असतात. एअर फिल्टर नीट न बसवणं. फवाऱ्याच्या पाण्याने मॅग्नेटच्या खोलीत ओल शिरणं. आणि गगनबावड्याकडच्या लोकांचा खास प्रश्न, गाडी पूर्ण पावसाळा ताडपत्रीखाली उभी राहणं. केसमध्ये ओल साचते, बेरिंगच्या गोळ्यांवर गंजाचे बारीक खड्डे पडतात, आणि दसऱ्याला पूजा करून किक मारली की आवाज सुरू.

इंजिन खोलायचं ठरलं तर

फुल इंजिन, म्हणजे अख्खं इंजिन खोलून परत जोडणं, ही जादू नाही, पण हत्यारं नसतील तर हात लावू नका. मॅग्नेट पुलर, क्लच धरायचं हत्यार, केस वेगळी करायचा पुलर, इम्पॅक्ट ड्रायव्हर आणि प्लास्टिकची हातोडी लागतेच. मॅन्युअलही लागतं. मोबाइलवरचे व्हिडिओ बघा, पण माप मॅन्युअलचंच.

इंजिन उतरवण्याआधी, गाडीवर असतानाच, पुढच्या स्प्रॉकेटचा नट मागचा ब्रेक दाबून ढिला करा. क्लच आणि प्रायमरी गिअरचे नटही तेव्हाच सोडवून ठेवा. पडवीत मांडीवर धरलेल्या इंजिनाचा नट सुटत नाही, इंजिनच फिरतं. प्रायमरी गिअर अडवायला दातांमध्ये स्क्रू ड्रायव्हर घालू नका, तांब्याचा किंवा अॅल्युमिनियमचा तुकडा घाला, दात वाचतात.

केसचे स्क्रू वेगवेगळ्या लांबीचे असतात. पुठ्ठ्यावर केसची आकृती काढायची आणि निघालेला स्क्रू जागच्या जागी खुपसायचा. लांब स्क्रू चुकीच्या भोकात गेला की एकतर केस फुटते नाहीतर जोड दाबलाच जात नाही. केस वेगळी होत नसेल तर सुटायचा राहिलेला एखादा स्क्रू शोधा, शंभरातल्या नव्वद वेळा तो असतोच. जोडात स्क्रू ड्रायव्हर घालून उचकटायचं नाही. तो ओरखडा तुम्हाला आयुष्यभर गळती देईल.

आत आल्यावर पहिली नजर बेरिंगच्या जागेवर. बेरिंगची बाहेरची रिंग केसमध्ये फिरली असेल तर तिथे चकचकीत गुळगुळीत पट्टा दिसतो. मग कनेक्टिंग रॉड. वरच्या टोकाला बाजूला हलवून बघा. यामाहाच्या या इंजिनांत रॉडच्या वरच्या टोकाचा खेळ साधारण ०.८ ते १ मिलिमीटर असतो, २ मिलिमीटरच्या पुढे गेला की रॉड किटची वेळ आली. वरखाली खेळ मात्र अजिबात नको, जरा जरी लागला तरी बिग एंड, म्हणजे रॉडच्या खालच्या टोकाचं बेरिंग, गेलंय. क्रँक बेरिंगवर टेकवून डायल गेजने दोन्ही टोकांचा डगडग (फिरताना टोक किती डोलतं ते) बघा, ०.०३ मिलिमीटरपेक्षा जास्त चालत नाही. एवढ्याशा आकड्यावर अख्खं काम अवलंबून असतं.

बेरिंगं दोन्ही बदला, एक नाही. नंबर जुन्या बेरिंगवर कोरलेला असतो, आणि त्याच्या शेवटी सी-३ किंवा तसलं काही लिहिलेलं असेल तर तेही वाचून तसंच मागा. क्रँकची बेरिंगं तापल्यावर फुगतात म्हणून त्यांना आतून जरा जास्त मोकळीक लागते. साध्या नंबरचं बेरिंग थंडीत गुळगुळीत फिरतं आणि गरम झालं की आवळतं.

बसवताना ठोकाठोक करायची नाही. केस पूर्ण धुऊन, वाळवून, पेट्रोलचा वास गेल्यावर हॉट एअर गनने तापवा, पाण्याचा थेंब टाकला की चुरकन उडाला पाहिजे. स्वयंपाकघरातल्या गॅसवर हे करू नका. बेरिंग प्लास्टिकमध्ये गुंडाळून रात्रभर फ्रीजरमध्ये ठेवा. माझ्या आईने एकदा बर्फ काढायला म्हणून ती पिशवी उघडली होती, त्यानंतर मी पिशवीवर नाव लिहितो. गरम केसमध्ये गार बेरिंग अलगद बसतं, "टक्‌" असा एकच आवाज येतो. क्रँक बेरिंगमध्ये ओढूनच घ्यायची. ही क्रँक एकसंध नाही, दोन चाकं आणि मधली पिन प्रेसने दाबून जोडलेली असतात. टोकावर हातोडी मारली की चाकं एकमेकांवर सरकतात आणि जो डगडग काढायला आपण बसलो होतो तोच तयार होतो.

केस बंद करताना दोन्ही तोंडं स्वच्छ, जोडाला कागदी पॅकिंग असेल तर नवीन, लिक्विड पॅकिंग (ट्यूबमधून लावायचं) असेल तर पातळ थर. पिळून आत आलेल्या लिक्विडच्या गुठळ्या तेलाच्या वाटेत जातात. स्क्रू क्रॉसने, थोडे थोडे आवळा आणि प्रत्येक फेरीनंतर क्रँक हाताने फिरवून बघा. आवळताना जड व्हायला लागली तर थांबा, उघडा. सगळे गिअर एकेक करून पडतात ना, तेही आताच बघा. क्लचचं कव्हर लावल्यावर गिअर अडकतोय कळलं तर रडू येतं. पिस्टनवरचा बाण एक्झॉस्टकडे. सर्क्लिप (पिस्टनची पिन जागेवर धरणारी तारेची क्लिप) नवीन, आणि बसवताना केसच्या तोंडावर फडका. तो चिमुकला क्लिप आत पडला की पुन्हा सगळं पहिल्यापासून.

इथे थांबा

क्रँकची पिन बदलायची असेल, रॉड किट घालायचं असेल किंवा डगडग ०.०३ च्या पुढे असेल, तर घरी काही करू नका. हे हायड्रॉलिक प्रेस आणि गेजचं काम आहे. क्रँक घेऊन ज्यांचं रोजचं काम आहे अशा मिस्त्रींकडे जा, आणि काम झाल्यावर दोन्ही टोकांचा आकडा त्यांच्यासमोर बघा. चांगला मिस्त्री स्वतःच दाखवतो.

बेरिंग केसमध्ये सैल झालं असेल तर पंच मारून जागा आवळण्याचा उद्योग करू नका. महिनाभर चालेल, मग केसच जाईल. बुश घालून बोअर करायला लागतं, म्हणजे मशीन शॉप. केसला तडा गेला असेल तर आरगॉन वेल्डिंगवाला, आणि वेल्डिंगनंतर तोंड सपाट करून घेणं. स्क्रूचे आटे केसमधले गेले असतील तर हेलिकॉइल (भोकात बसवायची नव्या आट्यांची तारेची गुंडाळी), तेही सरळ भोक पाडता येत असेल तरच घरी. मॅग्नेट पुलरला दाद देत नसेल आणि आटे जायला लागले असतील, तर तिथेच सोडा. तापवून काढायला अनुभवी हात लागतो.

पहिले दोनशे किलोमीटर

गाडीवर चढवण्याआधी दाबाची चाचणी परत करा. इंजिन टेबलावर असतानाच गळती सापडली तर दुरुस्तीला अर्धा तास लागतो, गाडीवर चढवल्यावर अख्खा दिवस.

ऑइल पंपाची नळी काढली असेल तर तिच्यात हवा आहे असंच धरा. पंपाच्या ब्लीड स्क्रूतून बुडबुडे जाईपर्यंत तेल सोडा, आणि तरीही पहिल्या टाकीत लिटरला २० मिली टू-टी ऑइल वेगळं टाका. नवीन बेरिंगला पहिल्याच मिनिटात कोरडं ठेवायचा मोह पंपाला नेहमी होतो. धूर थोडा जास्त येईल, येऊ द्या, शेजारच्या काकूंना आधी सांगून ठेवा.

पहिल्या दिवशी नुसती गरम करायची, पूर्ण थंड होऊ द्यायची, असं तीनदा. मग सपाट रस्त्याला, एक्सलेटर निम्म्याच्या आत, एकाच वेगाला धरून न ठेवता. ५० किलोमीटरवर गिअर ऑइल काढून मोजा. त्यात थोडी चंदेरी पूड असणार, चुरा दिसला तर थांबा. परत भरा, रेघ मारा, २०० वर पुन्हा मोजा. बाटलीतली पातळी रेघेला टेकली तर खुरी टायर परत चढवायला हरकत नाही.